यंत्रखोलीची दोन डोकी

वन्संचं नाक मोडलेलं होतं, आणि ते कोणी मोडलं यावरून घरात वाद होता. भाऊ म्हणे, लहानपणी भोवऱ्यावरून भांडताना मी मोडलं. वडील म्हणत, छे, त्याआधी पाळण्यातच माझा हात लागला होता. वन्सं म्हणत, दोघंही थापा मारतात, ते नाक मी स्वतः दारावर आपटून मोडलं, कारण दार उघडत नव्हतं. त्यानंतर दार उघडलं, एवढं मात्र तिघांनाही मान्य होतं.

त्या घराण्याचा धंदा लोखंड वितळवायचा आणि साच्यात ओतायचा. भट्टीच्या धगीत जन्म गेल्यामुळे म्हणा, की रक्तच तसं म्हणा, तिथे बोलणं कमी आणि हात जास्त चालायचे. जेवताना मीठ हवं असलं तर आधी शेजारच्याच्या बरगडीत कोपर जायचं, मग तोंडातून शब्द निघायचा. बाबा, म्हणजे वन्संचा म्हातारा बाप, ऐन तारुण्यात दोन पहिलवानांची डोकी एकमेकांवर आपटायचा, आणि जो आवाज येई त्यावरून कोणाच्या डोक्यात किती आहे ते सांगायचा. अंदाज सहसा चुकत नसे.

‘वन्सं’ ही खरं तर नुसती भावजयीने मारायची हाक. पण भावजय घरात आली त्या दिवशीच तिने ती इतक्या रागाने मारली की पत्रे थरथरले, आणि तेव्हापासून भट्टीवाल्यापासून वाळूवाल्यापर्यंत सगळा कारखाना त्यांना वन्संच म्हणू लागला. खरं नाव त्यांना स्वतःलाही आठवायला वेळ लागायचा.

घर भावाचं होणार होतं. भट्टीही भावाचीच. वन्संच्या वाट्याला आलेली एकच गोष्ट होती, आणि तीही त्यांनी मनगटाच्या जोरावर मिळवली होती: यंत्रखोली. भट्टीच्या चौथऱ्याला लागून काचेची खिडकी असलेली ही खोली. पूर्वी तिथे लाकडी साचे ठेवत. वन्संनी आधी साचेवाल्याला उचलून बाहेर ठेवलं आणि त्याच्यामागोमाग साचे. साचेवाल्याची मान तेव्हापासून कायमची डावीकडे वळली. तो म्हणायचा, बरंच झालं, माझं घर डावीकडेच आहे.

त्या खोलीत वन्संनी एक सर्व्हर आणून लोखंडी रॅकमध्ये नटबोल्ट मारून बसवला. तिचं नाव थोरली. रंगाने काळी, अंगाने भरलेली, आणि घुरघुरायला लागली की खिडकीच्या काचा हलायच्या. थोरलीच्या पोटात लिनक्स होतं, आणि लिनक्सच्या पोटात सात-आठ खोटी यंत्रं. खोटी म्हणजे हाताला लागणार नाहीत एवढंच, बाकी कामाला खऱ्यासारखी. एकाच घरात भाडेकरू राहावेत तशी ती थोरलीच्या पोटात राहायची. एक भाडेकरू धुराचे पंखे चालवायचा, एक क्रेन, आणि सगळ्यांत महत्त्वाचा भट्टीचं पाणी बघायचा.

पाण्याचं महत्त्व सांगायलाच हवं. भट्टी विजेवर चालायची. भोवती तांब्याच्या पोकळ नळीचं वेटोळं, आत रसरसलेलं लोखंड, आणि नळीतून सतत खेळणारं गार पाणी. पाणी थांबलं की नळी वितळते. आणि नळीतलं पाणी एकदा का त्या लोखंडाला जाऊन भेटलं, की पुढे काय झालं ते सांगायला सहसा कोणी उरत नाही.

ती भावजय, म्हणजे वहिनी, दिसायला सुतासारखी होती. लग्नाआधी ती कुठल्याशा मोठ्या ठिकाणी सर्व्हर सांभाळायची. कारखान्यात आली तेव्हा क्रेनवाला तिला म्हणाला, “बाईसाहेब, वायरींना हात लावू नका, लागेल कुठेतरी.” तिने त्याला त्याच वायरींनी गुंडाळलं, क्रेनच्या आकड्याला अडकवून छतापर्यंत वर चढवलं, आणि चहा पिऊन आल्यावर खाली घेतलं. त्या दिवशी वन्संना ती फार आवडली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःचा सर्व्हर डोक्यावर घेऊन यंत्रखोलीत शिरली, आणि तो थोरलीच्या शेजारी बसवून म्हणाली, “ही धाकटी.” तेव्हा ते आवडणं संपलं.

दोघींचा एकमेकींवर एवढा विश्वास होता की वन्संनी थोरलीच्या बंद करायच्या बटणावर लोखंडी पट्टी वेल्डिंग करून टाकली. ते बघून वहिनीनेही धाकटीच्या बटणावर पट्टी मारली, जरा जास्त जाड. वन्संनी मग थोरलीच्या बॅटऱ्या पिंजऱ्यात घालून त्याचं दार डागलं. वहिनीने धाकटीच्या बॅटऱ्यांना दारच ठेवलं नाही, चारही बाजूंनी पत्रा जोडला. आता ही दोन यंत्रं बंद करणं जगात कोणाच्याही हातात नव्हतं, आणि याचा दोघींनाही मोठा अभिमान होता.

मग एका दुपारी थोरली अडकली. पाणी बघणारा भाडेकरू झोपला, तो जागा होईपर्यंत पाण्याचा एक जाड रबरी होज फुटला आणि वाफेने भट्टीवाल्याचा उजवा कान शिजला. दुसऱ्या दिवशी बाबांनी दोघींना भट्टीसमोर बोलावलं. भट्टीवाला शेजारीच उभा होता, कानाला तेल लावून.

“एक पडली तर दुसरीने तिथल्या तिथे सगळं उचललं पाहिजे,” बाबा म्हणाले. “असं काही असतं की नाही तुमच्यात?”

“असतं ना, मामंजी,” वहिनी म्हणाली. “क्लस्टर म्हणतात. दोन्ही यंत्रं एकमेकांना बांधायची. ती एकमेकांची नाडी बघत बसतात. एकीची थांबली की दुसरी तिचे सगळे भाडेकरू आपल्या घरात घेते.”

“मग बांधा.”

“त्यात एक मास्टर लागतं, बाबा,” वन्सं म्हणाल्या. “हुकूम सोडणारं डोकं. ती थोरलीच असणार.”

“का असणार?” वहिनी म्हणाली. “वय झालं तिचं, वन्सं. जिना चढताना म्हातारी थांबते ना मध्येच, तशी थांबली की काल.”

वन्संचा ठोसा निघाला. बाबांनी तो माशी पकडावी तसा मधल्यामध्ये तळहातावर झेलला आणि मुठीत दाबून धरला, निवाडा देऊन होईपर्यंत.

“जिचं यंत्र डोकं, खोली तिची. दुसरीने त्या क्षणापासून बाहेर वाळू चाळायची. काम आत्ता सुरू करायचं. आणि भट्टी थांबणार नाही.”

“भरल्या भट्टीवर हे काम कोणी करत नाही, बाबा.”

“आपण करतो,” बाबा म्हणाले, आणि मूठ सोडली. वन्संची बोटं केळ्याच्या फणीसारखी एकमेकांना चिकटलेली निघाली.

खोलीत दोघी पाठीला पाठ लावून बसल्या. वन्संच्या मनात एकच गोष्ट होती. त्यांना समोर वाळूचा ढीग दिसत होता, त्यावर चाळणी हलवणारी आपली सावली दिसत होती, आणि काचेआड आपल्या खुर्चीवर बसलेली वहिनी दिसत होती.

क्लस्टर सांभाळणारं सॉफ्टवेअर आणायचं म्हणजे त्या एकट्याला आणून भागत नाही. त्याला आवतण दिलं की ते उंबऱ्यावर उभं राहून म्हणतं, डिस्कची नक्कल दुसऱ्या यंत्रावर ठेवणारं पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचं गाठोडं, आधी आत घ्या. त्याला बोलावलं तर ते म्हणतं, डिस्कचे तुकडे पाडणारा माझा मामा कुठाय? मामा येतो तो चार मदतनीस लायब्ऱ्यांना काखोटीला मारून, आणि त्यातली एक म्हणते, माझं त्या घरातल्या दुसरीशी पटत नाही, तिला हाकला, मगच मी पाय टाकते. शिवाय दोन्ही यंत्रांवर प्रत्येकाचं व्हर्जन एकच हवं, नाहीतर नोड, म्हणजे बांधलेली यंत्रं, एकमेकांचं तोंड बघत नाहीत. जिच्याकडे ही सगळी सोयरीक आधी बसेल ती आधी एंटर मारणार, आणि जिने आधी एंटर मारला तिचं यंत्र डोकं.

वन्संचं लिनक्स जुनं. पहिल्या पॅकेजलाच ते रुसलं. जुनी लायब्ररी काढा म्हणालं, आणि ती काढली तर पाणीवाला भाडेकरूच बसतो. वन्संनी दात खाऊन तिच्या शेजारी नवी बसवली, दोघींच्या मधे भिंत घातली, आणि पुढे सरकल्या. मागून वहिनीच्या बोटांचा आवाज येत होता. पावसाच्या सरीसारखा नाही, घोड्यांच्या टापांसारखा.

“कुठवर आलात, वन्सं?”

“तुझ्या पुढे.”

“मी डिस्कपर्यंत आले.”

वन्सं अजून पहिल्या मामापाशीच होत्या. त्यांनी टेबलाखाली पाय घातला आणि वहिनीची नेटवर्कची केबल अंगठ्यात धरून उपटली.

वहिनी उठली. तिने आपला कीबोर्ड दोन्ही हातांनी उचलला आणि वन्संच्या कानशिलावर असा हाणला की किल्ल्या खोलीभर उडाल्या. त्यातली एक वन्संच्या भुवईत रुतली. वन्संनी ती नखाने उपटून काढली, खिशात ठेवली, आणि मग खुर्चीचा पाय वहिनीच्या नडगीवर घातला. वहिनी खाली गेली ती वन्संचा गुडघा दातांत धरूनच. फक्त मारल्याचे आवाज येत होते. काचेपलीकडे चौथऱ्यावर दादा, म्हणजे वन्संचा भाऊ आणि वहिनीचा नवरा, घाम पुसत उभा होता. त्याने आत एकदा पाहिलं.

“काम चाललंय,” तो भट्टीवाल्याला म्हणाला.

“रक्त दिसतंय, दादा.”

“मग जोरात चाललंय.”

दमल्यावर दोघी परत खुर्च्यांवर बसल्या, वहिनी फुटलेल्या डोक्यानिशी. वहिनीने केबल खोचली, आणि मोडक्या कीबोर्डच्या जागी ड्रॉवरमधून दुसरा काढला. वन्संनी एका डोळ्यावर ओला बोळा धरला. मारामारीतून हे होणार नाही, हे त्यांना कळून चुकलं. वहिनी चावते.

मग त्यांनी डोकं चालवलं. आपल्याच खुर्चीवरून त्या गुपचूप धाकटीत शिरल्या आणि तिथे एक भलंमोठं अपडेट सुरू करून दिलं. एका यंत्रावर एक जण पॅकेज बसवत असला की यंत्र कुलूप लावतं, दुसऱ्याला हात लावू देत नाही. वहिनीच्या पडद्यावर आलं: दुसरं कोणीतरी काम करतंय, थांबा.

वहिनी थांबली. मग तिला कळलं दुसरं कोण ते.

“वन्सं, माझ्या घरात शिरलात?”

“चुकून गेले असेन.”

“असू दे. मीही चुकते हां.” आणि थोड्या वेळाने थोरलीवरही तीच पाटी झळकली.

आता कोणताही शहाणा माणूस अशा वेळी थांबतो. आत चाललेलं काम पुरं होऊ देतो. चालू कामाचं कुलूप तोडायचं नाही, हे या विद्येत पहिल्या दिवशी सांगतात. वन्संनी स्वतः एका शिकाऊ मुलीला एवढ्याच कारणावरून नळाखाली धरलं होतं. पण समोर वाळूचा ढीग होता. वन्संनी चालू काम ठार केलं, कुलपाची फाइल पुसून टाकली आणि पुढे हाणायला सुरुवात केली. त्याच क्षणी त्यांच्या पाठीमागे वहिनीनेही नेमकं तेच केलं. दोन्ही यंत्रांत अर्धवट आत आलेली पॅकेजं होती, एक पाय घरात आणि एक पाय रस्त्यावर, आणि त्यांच्या डोक्यावरून बाकीची वरात आत घुसली.

त्या चेंगराचेंगरीत दोन्हीकडे जे पॅकेज चिरडलं ते नेमकं नाडी बघणारं. थोरलीला धाकटीची नाडी लागेना. धाकटीला थोरलीची लागेना. दोघींनाही वाटलं, शेजारीण मेली.

“झालं,” वन्सं म्हणाल्या आणि एंटर मारला.

“माझंही,” वहिनी म्हणाली आणि एंटर मारला.

दोन्ही पडद्यांवर एकच ओळ आली: हे यंत्र आता मास्टर आहे.

दोघी एकमेकींकडे वळल्या. वन्संनी तोंड उघडलं होतं, त्यांना एक चांगली शिवी सुचली होती, पण ती तशीच राहिली. कारण बाहेर भोंगा वाजू लागला.

झालं होतं ते असं. थोरलीच्या पोटात पाणीवाला भाडेकरू आधीपासून होताच. पण धाकटीने, शेजारीण मेली असं समजून, त्याची नक्कल आपल्या पोटात उभी केली. आता पाणीवाले दोन झाले. नवा उठला की सवयीप्रमाणे आधी झडप बंद करून तपासायचा. जुना म्हणायचा, बंद कशी, उघड. नवा म्हणायचा, उघडी कशी, बंद कर. झडप दारुड्याच्या दातांसारखी कडकड वाजू लागली, पंपाने दोन गचके खाल्ले आणि तो बसला. पाणी थांबलं. भट्टी काठोकाठ भरलेली होती.

वन्संनी काचेतून पाहिलं. पहिला होज फुटला आणि पांढऱ्या वाफेचा सोटा छताला जाऊन भिडला. एक माणूस चौथऱ्यावरून उडून वाळूत पडला आणि पडल्या जागेवरून पळत सुटला. दुसरा होज फुटला तेव्हा त्याचं लोखंडी तोंड गोळीसारखं येऊन खिडकीच्या काचेतून आत घुसलं आणि दोघींच्या डोक्यांमधून जाऊन भिंतीत रुतलं. भट्टीवाला ओरडत होता, “दादा, सोडा, सोडा, मरू दे तिला.” पण दादा भट्टी कलती करायच्या चाकाला लटकला होता. लोखंड आत्ताच्या आत्ता खड्ड्यात ओतलं तरच सगळे वाचणार होते. चाकही यंत्राच्याच हुकमाने सैल व्हायचं, आणि हुकूम सोडणारी डोकी दोन होती. दादाची पाठ सदऱ्यासकट धुमसत होती. तो हटत नव्हता. त्या घरात हटायचं कोणाला शिकवलंच नव्हतं.

“एक बंद करा,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. “वन्सं, कुठलंही एक. एकच उरलं पाहिजे.”

वन्संनी कमांड दिली. अर्धी बसलेली पॅकेजं, थोरली नुसती बघत राहिली. वहिनीने दिली, धाकटी गप्प. वन्संचा हात बटणाकडे गेला, तर तिथे त्यांचीच पट्टी. त्या पिंजऱ्याकडे वळल्या, तर तिथे त्यांचाच डाग. वहिनीने धाकटीमागचा पत्रा नखांनी ओरबाडला आणि तिची दोन नखं तिथेच राहिली.

दाराशी साचे फोडायचा घण टेकवलेला असायचा. दोघींनी एकदमच तिकडे झेप घेतली. वन्सं अंगाने मोठ्या, त्यांच्या हाती दांडा आला. त्या वळल्या आणि सरळ धाकटीकडे निघाल्या. भाऊ जळत होता हे खरं, पण एक यंत्र मारायचंच असेल तर ते आपलं का, एवढा हिशेब त्या धावपळीतही त्यांच्या डोक्यात पक्का होता.

घण वर गेला तेव्हा वहिनीने मागून त्यांचे केस धरले. नुसते धरले नाहीत, मनगटाला वेढा घेऊन सगळ्या अंगाने मागे लटकली. वन्संची मान मागे गेली, कंबर फिरली, आणि घण हवेत अर्धा गोल फिरून थोरलीच्या कुशीत बसला. पत्रा आत गेला. थोरली कण्हली, पण तिचे दिवे तसेच राहिले. बाहेर तिसरा होज फुटला.

“सोड.”

“नाही सोडणार.”

“सोड, नाहीतर हा घण तुझ्या टाळक्यात घालीन.”

“घाला, वन्सं,” वहिनी म्हणाली. “मला घाला, आणि मग धाकटीला घाला. तेवढा वेळ आहे का ते बघा.”

वन्संनी बघितलं. फुटक्या काचेतून दादाचा चेहरा दिसत होता. एका बाजूची भुवई जळून गेली होती, आणि तो चाकाला लटकून शिव्या देत होता. ते शब्द ऐकू येत नव्हते, पण ओठांवरून कळत होतं की त्या शिव्या भट्टीला होत्या, या दोघींना नाही. धाकटी हाताच्या टप्प्याबाहेर होती. थोरली समोर होती, कुशीत खड्डा पडलेली, अजून घुरघुरत.

दुसरा घाव वन्संनी केस तुटायची पर्वा न करता, सगळा दम एकवटून घातला, आणि तो थोरलीच्या छातीतून आरपार गेला. तिसरा गरज नसताना घातला. चौथ्याला ठिणग्यांनी त्यांच्या बाह्या पेटल्या आणि त्या तशाच मारत राहिल्या, “मर, मर एकदाची,” म्हणत, आणि गालांवरून वाहत होतं ते रक्त होतं की आणखी काही, ते त्यांनी कधीच कोणाला विचारू दिलं नाही. थोरलीचा शेवटचा दिवा विझला.

धाकटी एकटी उरली. तिच्यातल्या पाणीवाल्याने झडप तपासली, उघडली, आणि ती उघडीच राहिली. पंप खाकरला, मग चालू झाला. चाक सैल झालं, दादा त्याच्यासकट खाली आला, आणि भट्टीतलं लोखंड भडाभडा खड्ड्यात गेलं. वाळू पेटली, छताचे दोन पत्रे उडाले आणि म्हणतात की ते अजून कुठेतरी उडताहेत. दादाची पाठ भाजली, पण तो दादा राहिला.

संध्याकाळी बाबा खोलीत आले. मोडक्या थोरलीकडे बघितलं, मग वन्संच्या डोक्यावरच्या टकलाकडे, जिथे केस नव्हते. ते केस वहिनीच्या मुठीत होते. ती अजून मूठ उघडत नव्हती.

“पोरगी कोणाची,” बाबा म्हणाले. “भावासाठी स्वतःचं यंत्र फोडलं.”

“पहिला घाव धाकटीवर होता, मामंजी,” वहिनी म्हणाली. “मी केस ओढले म्हणून चुकला.”

“दुसरा?”

वहिनीने वन्संकडे पाहिलं. तिचा ओठ फाटलेला होता, तरी तिला खोटं बोलता आलं असतं. “दुसरा त्यांचा स्वतःचा,” ती म्हणाली.

बाबा बराच वेळ मान हलवत राहिले. पण शब्द म्हणजे शब्द. “डोकं धाकटी,” ते म्हणाले. “खोली सूनबाईंची. तू वाळूवर.”

वन्सं वाळूवर गेल्या. त्या अशा चाळायच्या की चाळणीच्या जाळ्या फाटायच्या आणि खडे पलीकडच्या रस्त्यापर्यंत उडायचे. वाळूवाला लांब बसून बघायचा. एक दिवस तो म्हणाला, “वन्सं, जरा हळू, वाळू आहे ती, वहिनी नाही.” त्यानंतर तो आणखी लांब बसू लागला.

काही दिवसांनी वहिनी ढिगापाशी आली. डोक्याला टाके, हातात नवा सर्व्हर.

“हा घ्या,” ती म्हणाली. “एकटीने क्लस्टर होत नाही. ही दुसरी उभी करायला माणूस हवंय.”

“दुसरं कोणी बघ.”

“बघितलं. सगळे माझं भलं चिंतणारे निघाले. मला अशी बाई हवी, जी मी कधी पडते याची वाट बघत बसेल.”

वन्संनी चाळणी खाली ठेवली. “माझ्याइतकी बघणारी तुला मिळायची नाही.”

“तेच म्हटलं मी ह्यांना.”

या वेळी भट्टी रिकामी होती. त्यासाठी दादाने भाजल्या पाठीने बाबांना भिंतीला दाबून धरलं आणि ‘हो’ म्हणेपर्यंत सोडलं नाही. पॅकेजं एकेक करून आत आली. एक बसलं की ‘बस’ म्हणायचं, मगच दुसऱ्याला हाक. व्हर्जन दोन्हीकडे एकच. नाडीवाल्याला तर दोघींनी हाताला धरून आत आणलं. धाकटीच्या बटणावरची पट्टी कापली, पत्रा फोडून बॅटऱ्याही काढल्या. नवीचा नोड धाकटीच्या हाताखाली जोडला गेला, आणि वन्सं दुसऱ्या खुर्चीवर, दुसऱ्या नंबरावर बसल्या.

“आता चाचणी,” वहिनी म्हणाली. “माझी पाडायची, आणि तुमची उभी राहते का ते बघायचं. पाडा तुम्हीच.”

वन्सं इतकं गोड हसल्या की खिडकीबाहेरून बघणारा भट्टीवाला उरलेला कान झाकून मागे सरला. त्यांनी धाकटीची वायर धरली आणि भिंतीतल्या पेटीसकट, प्लास्टरसकट उपटून काढली.

धाकटी पडली. नवीने नाडी पाहिली, ती थांबल्याची खात्री केली, आणि सगळे भाडेकरू एकेक करून आपल्या घरात घेतले. झडप हललीसुद्धा नाही. वन्संच्या पडद्यावर ओळ आली: हे यंत्र आता मास्टर आहे.

“छान,” वहिनी म्हणाली. “उत्तम झालं. आता माझी परत सुरू करते, आणि तुम्ही मला—”

“काय?”

“डोकं परत द्या.”

“कशाला?” वन्सं म्हणाल्या. “चांगलं चाललंय की. बाबा, आत या जरा. जिचं यंत्र डोकं, खोली तिची, असंच म्हणाला होतात ना?”

बाबा दारात आले. पडद्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, मग लेकीकडे. त्यांच्या छातीतून भट्टी पेटताना येतो तसा आवाज येऊ लागला. ते हसत होते.

“शब्द म्हणजे शब्द,” ते म्हणाले.

वहिनी हळूच उठली. तिने बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या, बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या, आणि टाके सुटू नयेत म्हणून डोक्याला फडकं घट्ट आवळलं.

“वन्सं,” ती म्हणाली, “तुमच्या यंत्राचीही चाचणी व्हायला हवी. नियमच आहे तो.”

“घे की,” वन्सं म्हणाल्या, आणि नवीची वायर पाठीमागे धरून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

बाबांनी दार बाहेरून ओढून घेतलं. भट्टीवाल्याने विचारलं, भट्टी भरायची का. बाबा म्हणाले, आज नको.